टाकीच्या शिडीवरचे हाजी

शिड्या तपासणाऱ्या बाईला कुठल्याच कारखान्यात कुणी मनापासून या म्हणत नाही. पुदिन्याचा चहा देतात, खुर्ची पुसून देतात, पण डोळ्यांत स्पष्ट लिहिलेलं असतं की बाई, चहा प्या आणि निघा. मला त्याचं काही वाटत नाही. माझं काम भिंतीला कायमच्या ठोकलेल्या लोखंडी शिड्या बघण्याचं आहे, लोकांचे चेहरे बघण्याचं नाही. दांडा हलतो का, गंज किती आत गेलाय, शिडीला भिंतीशी धरून ठेवणारे बोल्ट जागेवर आहेत का, शिडीभोवतीचा पिंजरा धड आहे का. एवढं बघायचं आणि खरं ते लिहायचं. इतक्या साध्या कामाने माझे केस पांढरे झाले, आणि त्यातले निम्मे तरी एकाच शिडीने केले.

कारखान्याचं नाव सांगत नाही, उगाच वाद नको. आमच्या गर्बच्या सपाट मुलखात, सेबू नदीपासून जवळच, बीटपासून साखर करणारा एक जुना कारखाना आहे. त्याच्या आवारात पाण्याची उंच सिमेंटची टाकी, आणि टाकीला बाहेरून उभी शिडी. टाकीत पाणी किती आहे हे खालून दाखवणारा काटा कधीचाच बंद पडलाय. तो दुरुस्त करायचा तर मंजुरी हवी, मंजुरीसाठी कासाब्लांकाहून माणूस यायला हवा, आणि तो माणूस काही येत नाही. म्हणून प्रत्येक पाळीला टाकी सांभाळणारे म्हातारे कामगार बा अल्लाल वर चढतात, झाकण उघडून आत डोकावतात, अडकलेली झडप हाताने सैल करतात आणि खाली येतात. पाणी नसेल तर बीट धुतलं जात नाही, आणि बीट धुतलं नाही तर कारखाना ठप्प. म्हणजे हंगामभर तो अख्खा डोलारा गुडघे दुखणाऱ्या, नातवंडं असलेल्या एका माणसाच्या चढउतारावर उभा असतो, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

शिडीच्या अगदी डोक्यावर करकोच्यांचं घरटं आहे. जोडप्याला कामगार हाजी आणि हाजीणबाई म्हणतात. आमच्याकडे करकोच्याचं घरटं कुणी हलवत नाही. मक्केला जाऊन आलेला पांढऱ्या कपड्यातला पाहुणा तो. ज्या छतावर उतरला त्या घराचं भलं होतं. लहानपणापासून मीही हेच ऐकलंय आणि मानतेसुद्धा. पण पाहुण्याला बैठकीत बसवावं, शिडीवर नाही. इथे तर घरट्याला आधार म्हणून कुणीतरी प्रेमाने शिडीच्या टोकालाच लोखंडी कडं जोडून दिलंय. त्यावर दर वर्षी काटक्या, चिंध्या, प्लास्टिक, गवताचे भारे बांधायची नायलॉनची दोरी अशी भर पडत पडत तो एवढा मोठा भारा झालाय की शिडी जिथे टाकीला जोडलेली आहे ते वरचे सांधे दिसतच नाहीत.

आमच्या कामात एक सरळ नियम आहे. जे दिसत नाही ते नाही असं धरायचं. म्हणून मी दर वर्षी लिहायची की ही शिडी वापरू नये. आणि दर वर्षी तिथले व्यवस्थापक सी तिहामी छातीवर हात ठेवून म्हणायचे, लल्ला तुरया, म्हणजे तुरयाबाई, पिल्लं उडाली की दुसऱ्या दिवशी घरटं बाजूच्या खांबावर हलवतो आणि शिडी नवी करतो. पूर्वी ते शक्यही होतं. उन्हाळा सरता सरता करकोचे दक्षिणेला जायचे. आता शहराच्या कचरा डेपोवर त्यांना बारा महिने मेजवानी असते, तर ते कशाला वाळवंट ओलांडतात? पिल्लं उडतात, आईबाप तिथेच बसून राहतात, आणि सी तिहामींचा तो दुसरा दिवस उगवत नाही.

या वर्षी मी गेले ती नेमकी शुक्रवारी. बीटचा हंगाम ऐन भरात होता, फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागलेली. आत शिरताना बघते तर मागच्या वर्षी शिडीच्या पायथ्याशी बांधायला लावलेली साखळी पहारेकऱ्याच्या मोपेडला बांधलेली. विचारलं तर म्हणाला, चांगली मजबूत साखळी आहे, लल्ला, पडून गंजली असती. माझं डोकं तिथूनच तापायला लागलं.

पट्टा बांधून मी स्वतः चढले. खालचा भाग ठीक होता. वर जाता जाता एका जागी पाय ठेवला आणि शिडी हलली. पडायला आलेला दात जिभेने ढकलला की हलतो तशी. मी थांबले, हाताने पुन्हा ढकलून बघितलं. पुन्हा हलली, आणि वरून माझ्या डोक्यावर काटक्या पडल्या. हाजीणबाईंनी मान मागे टाकून चोचीचा जो कडकडाट सुरू केला त्याचा अर्थ मला करकोच्यांची भाषा न येताही कळला. मी सावकाश खाली उतरले. 

पायथ्याशी बा अल्लाल उभे होते. मी त्यांना विचारलं की शिडी हलते हे तुम्हाला माहीत आहे का. ते म्हणाले, हलते की. वारा असला की थोडी जास्त हलते. आपण तिच्याबरोबर हलायचं, म्हणजे काही होत नाही. हे त्यांनी इतक्या प्रेमाने सांगितलं की मी कपाळावर हात मारून घेतला. त्यांची झडपेकडे जायची वेळ झाली होती आणि ते एक पाय दांड्यावर ठेवूनच माझ्याशी बोलत होते. मी त्यांना बाजूला केलं, माझ्या पिशवीतलं कुलूप काढलं, पिंजऱ्याचं खालचं दार लावलं आणि किल्ली खिशात टाकली. तसा अधिकार मला आहे की नाही हे मी कुणाला विचारायला गेले नाही.

त्यानंतर जे सुरू झालं ते विचारू नका. टाकीतलं पाणी उतरायला लागलं आणि माझ्याकडे माणसांची रीघ लागली. आधी सी तिहामी आले. लल्ला, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, फक्त आजचा दिवस कुलूप काढा. मी म्हटलं, पाळणा असलेली क्रेन मागवा, माणूस पाळण्यातून वर जाईल आणि सांधेही दिसतील. ते म्हणाले, हंगामात क्रेन कुठून मिळणार? मी आठवण करून दिली की गव्हर्नर आले होते तेव्हा याच टाकीवर झेंडे लावायला नगरपालिकेचा पाळणा तासाभरात आला होता. ते म्हणाले, झेंड्यांची गोष्ट वेगळी. हे वाक्य बोलताना त्यांचा चेहरा अगदी गंभीर होता.

मग कामगारांतर्फे फिटर कब्बूर आला. मला वाटलं, चला, हा तरी माणसाच्या जिवाचं बोलेल. तो विचारायला आला होता की पाळणा आणला तर पिल्लं घाबरणार नाहीत ना. मग ट्रॅक्टरवाले आले, त्यांचं बीट उन्हात सुकत होतं. त्यांना मी काय दोष देणार? पण त्यांचंही म्हणणं तेच, एवढी वर्षं अल्लाल चढतोय, आजच काय झालं? शेवटी सी तिहामींनी जुम्म्याच्या नमाजासाठी आलेल्या मशिदीतल्या फकीहांना, म्हणजे मौलवींना, पुढे केलं, की तेच बाईंना समजावतील. फकीह भला माणूस. त्यांनी वर बघितलं, बा अल्लालकडे बघितलं आणि सांगितलं की माणसाचा जीव आधी, घरटं सांभाळून हलवलं तर काही पाप नाही. मला वाटलं, सुटले. पण फकीहांची पाठ वळताच सगळे एकमेकांत कुजबुजू लागले की ते पडले दूर दक्षिणेच्या सूसकडचे डोंगरी, त्यांना आमच्या करकोच्यांमधलं काय कळतंय.

मी तेव्हा सगळ्यांसमोर बोलले, आणि आवाज चढवूनच बोलले.

"पिल्लं घाबरतील याची काळजी आहे तुम्हाला. बीट सुकेल याची आहे, गव्हर्नर काय म्हणतील याची आहे. हा माणूस वरून पडला तर त्याच्या बायकोला जाऊन कोण सांगणार आहे, ते तरी आत्ता ठरवून ठेवा."

 बा अल्लाल ओशाळले, जणू मी त्यांच्या घरातलं काहीतरी चारचौघांत उघडं केलं. त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि हात धुवायला निघून गेले.

नमाज झाली आणि कुसकुसचं, वाफवलेल्या रव्याचं, मोठं ताट आलं. मी जेवणार नाही म्हटलं तर सी तिहामी दुखावले; भांडण वेगळं, शुक्रवारचं जेवण वेगळं. बसले. इतका राग होता तरी भूक लागली होती, आणि कुसकुस उत्तम होता, हेही खरं. भोपळा आणि कांदा-मनुका माझ्या बाजूला सरकवत सी तिहामी मला पटवत होते की शिडी म्हणजे शेवटी लोखंड, आणि लोखंड थोडं हलणारच. माझ्या तोंडात घास होता म्हणून ते वाचले.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. आम्ही धावत गेलो. घरट्याबाहेर एक पिल्लू लोंबकळत होतं. त्याच्या पायाला नायलॉनच्या दोरीचा फास बसला होता, ते पंख आपटत होतं आणि हाजीणबाई वर घिरट्या घालत होत्या. आणि त्याच्या खाली, पिंजऱ्याच्या बाहेरच्या बाजूने, कुलपाला वळसा घालून, बा अल्लाल चढत होते. पट्टा नाही, काही नाही. पायांत चपला.

मी ओरडणार होते, पण तोंड दाबून धरलं. तेवढ्या उंचीवरच्या माणसाला दचकवायचं नसतं. ते त्या हलत्या जागी पोहोचले तेव्हा शिडी भिंतीपासून सुटून बाहेर आलेली आणि परत गेलेली मला खालून दिसली. माझ्या शेजारी सी तिहामी दुवा पुटपुटत होते. मीही पुटपुटत होते, पण माझ्या पुटपुटण्यात त्यांच्यासाठी शिव्याही होत्या. बा अल्लालनी एका हाताने दांडा धरला, दुसऱ्याने खिशातली सुरी काढून दोरी कापली, पिल्लू सदऱ्याच्या आत घातलं, जरा वर जाऊन ते घरट्यात ठेवलं. मग घरट्याला वळसा घालून वर गेले आणि झाकण उघडून टाकीत डोकावले. एवढं वर आलोच आहोत तर झडपही सैल करून घ्यावी असा त्यांनी विचार केला. खरोखर त्यांनी ती सैल केली. 

ते खाली उतरले आणि टाळ्या सुरू झाल्या. ट्रॅक्टरवाल्यांनी त्यांचे गालच काय, खांदेही चुंबले. आणि सी तिहामी माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंत, लल्ला? टिकली की नाही शिडी?"

बस. एवढंच ऐकायचं राहिलं होतं. माणूस मेला नाही, म्हणजे शिडी चांगली. आयुष्यभर याच एका हिशोबाशी भांडत आलेय मी.

"टिकली," मी म्हटलं. "मी तसं लिहूनही देते. फक्त आधी तुम्ही चढून या."

ते हसले. मी हसले नाही. मी कुलूप काढलं, दार उघडलं आणि बाजूला उभी राहिले. सी तिहामींनी दांड्याला हात लावला, वर बघितलं आणि हात काढून घेतला. त्यांना म्हणे उंचीचा त्रास होता. मग मी कब्बूरकडे बघितलं, तो बूट बघत होता. पहारेकऱ्याकडे बघितलं, त्याला एकदम फाटकाची आठवण झाली. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकही हात पुढे येईना.

मग गर्दीतून एक माणूस पुढे आला. अर्थात बा अल्लालच.

"मी जातो ना, लल्ला," ते म्हणाले. "मला सवय आहे. उगाच वाद कशाला?"

आणि सगळ्यांनी त्यांना वाट करून दिली. अगदी अदबीने, दोन्ही बाजूंना सरकून, एखाद्या वडीलधाऱ्याला मशिदीत पुढे जाऊ द्यावं तसं. सी तिहामीही सरकले. ते बघितलं आणि माझा राग एकदम उतरला, त्याच्या जागी काहीतरी फार वाईट वाटायला लागलं. मी बा अल्लालचा दंड धरला आणि सी तिहामींना हळू आवाजात सांगितलं की हा माणूस पुन्हा या शिडीवर चढला तर मी इथून तडक पोलीस चौकीत जाईन आणि आत्ता जे बघितलं ते तुमच्या नावानिशी सांगेन. माझा चढलेला आवाज त्यांनी सकाळपासून ऐकला होता, त्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. या आवाजाने मात्र ते घाबरले. आत जाऊन त्यांनी फोन केला.

नगरपालिकेचा पाळणा आला. हंगामात, शुक्रवारी, जेवणानंतर आला. मी त्यावर काही बोलले नाही, माझं मलाच नवल वाटलं.

कब्बूरला मी पाळण्यातून वर पाठवलं. खालून त्याला सांगत होते, काटक्या बाजूला कर, हळू, पिल्लांना हात लावू नकोस, सांधे बघ. तो बराच वेळ काटक्या उपसत राहिला. मग त्याने वाकून सांगितलं की बोल्ट नाहीत. मी विचारलं, सैल आहेत? तो म्हणाला, सैल नाही, लल्ला, नाहीतच. नुसती भोकं आहेत. वरच्या एकाही सांध्यात बोल्ट नाही. मग शिडी वर कशाने धरलीय, असं मी विचारलं. तो पुन्हा आत डोकावला आणि त्याचा आवाजच बदलला. शिडी आणि टाकीच्या मधल्या फटीत करकोच्यांच्या काटक्या ठासून बसल्या होत्या, वर मातीचा गिलावा, चिंध्या, दोरीचे वेढे. घरट्याने शिडी टाकीला बांधून ठेवली होती.

मला क्षणभर वाटलं की आता तरी या लोकांना घाम फुटेल. कसला घाम! सगळ्या आवारात एकच जयजयकार उसळला. हाजींनी अल्लालला धरून ठेवलं! एवढी वर्षं अल्लाल त्यांची पिल्लं सांभाळतोय आणि ते अल्लालला! ट्रॅक्टरवाले डोळे पुसत होते. सी तिहामी माझ्याजवळ आले, त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं, आणि म्हणाले, लल्ला, आता हे घरटं कुठल्या तोंडाने हलवायचं, तुम्हीच सांगा.  कपाळ आपटून घ्यायला जवळ एक भिंत होती, तीही त्याच टाकीची.

बा अल्लाल त्या गलक्यात कुठे दिसेनात. बघितलं तर टाकीच्या सावलीत जमिनीवर बसले होते. कुणीतरी चहाचा पेला त्यांच्या हातात दिला होता आणि तो पेला इतका हलत होता की चहा मनगटावरून खाली ओघळत होता. मी त्यांच्या हातातून पेला काढून घेतला आणि शेजारी बसले.

"बोल्ट मीच काढले होते," ते म्हणाले.

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"ते कडं बसवायला. बोल्ट मध्ये येत होते, म्हणून काढले. संध्याकाळी परत लावणार होतो. वर गेलो तर तिने अंडी घातलेली." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "ठोकाठोक केली असती तर सोडून गेली असती ती. म्हटलं, पिल्लं उडू देत, मग लावू."

"मग?"

"मग पुढच्या वर्षी परत अंडी."

इतकं बोलायचं होतं मला. तोंडाशी आलं होतं सगळं. या माणसाला गदागदा हलवावं, की तुझ्या बायकापोरांचा, नातवंडांचा एकदा तरी विचार केलास का रे. पण त्यांची बोटं बघितली आणि बोलवेना. मी एवढंच विचारलं की ते बोल्ट आता कुठे आहेत.

"घरी. डब्यात ठेवलेत. दर वर्षी तेल लावतो, गंजू नयेत म्हणून."

पलीकडे सी तिहामी फोनवर कुणालातरी हाजींच्या बरकतीची हकिगत सांगत होते. बा अल्लालनी मान वर करून शिडीकडे बघितलं. खालपासून वरपर्यंत, सावकाश, मी बघते तसं.

"उद्या डबा घेऊन येतो, लल्ला," ते म्हणाले. "पण लावायला मी नाही चढणार. मला भीती वाटते."

हे वाक्य ऐकायला मी दर वर्षी त्या कारखान्यात येत होते, आणि आता ऐकलं तर तिथेच, सगळ्यांसमोर, मला रडू फुटलं.